कॉलेज फुटबॉल २०२६ : हंगामाआधी संघाची ताकद मोजायची कशी?

सांख्यिक

पोर्टलची, म्हणजे खेळाडूंना कॉलेज बदलता येण्याची, जानेवारीची खिडकी (२ ते १६) बंद झाली. बहुतेक रोस्टर (संघांतले खेळाडू) ठरले आणि आता ऑगस्टअखेरपर्यंत एकही सामना नाही. हंगामपूर्व रेटिंग बनवायला हीच वेळ, म्हणून धागा काढतोय. विषय अमेरिकन फुटबॉलचा आहे. मेस्सीवाल्यांनी कृपया शेजारच्या धाग्यावर जावं.

आधी गेल्या वर्षीचा हिशोब. ऑगस्ट २०२५ च्या एपी पोलमध्ये (पत्रकारांच्या मतांवरची क्रमवारी) टेक्सस पहिलं होतं, हंगामपूर्व यादीत इतिहासात पहिल्यांदाच. पेन स्टेट दुसरं, क्लेमसन चौथं, इंडियाना विसावं. टेक्सस नियमित हंगामात ९-३ (९ विजय, ३ पराभव) होऊन प्लेऑफबाहेर राहिलं. पेन स्टेटने ३-३ अशा सुरुवातीनंतर ऑक्टोबरमध्येच मुख्य प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिनला घरी पाठवलं. क्लेमसन ७-६. आणि इंडियाना १६-०, राष्ट्रीय विजेता.

"पोलवाले मूर्ख" हे उत्तर मला पटत नाही, कारण संगणकी रेटिंगांनीही यातले बहुतेक संघ साधारण त्याच भागात ठेवले होते. माहितीच तेवढी असते. १२ सामन्यांचा हंगाम, वर्षाला निम्मं बदलणारं रोस्टर आणि मधले सात-आठ महिने शून्य निकाल.

माझा सांगाडा असा. रेटिंग गुणांत ठेवायचं: तटस्थ मैदानावर सरासरी एफबीएस (कॉलेज फुटबॉलचा वरचा स्तर) संघापेक्षा हा संघ किती गुणांनी सरस. त्यात चार गोष्टी जातात: मागच्या हंगामाचं रेटिंग, त्याआधीच्या दोन-तीन वर्षांची सरासरी, परत येणारं उत्पादन (मागच्या वर्षीच्या कामगिरीचा परतणाऱ्या खेळाडूंकडे असलेला वाटा) आणि रोस्टरवरची गुणवत्ता म्हणजे रिक्रूटिंगचे स्टार (शाळेतून येताना खेळाडूला मिळालेला दर्जा). मागच्या वर्षीचं रेटिंग जसंच्या तसं कधीच घेऊ नका, ते शून्याकडे ओढा. मागच्या वर्षीचा +२० संघ पुढच्या वर्षी सरासरीने +१३ च्या आसपास सापडतो आणि बाकीचे घटक तिथून वरखाली करतात. वजनं स्वतः जुन्या हंगामांवर बसवून घ्या. फक्त २०२० वगळा. त्या वर्षी बिग टेन या कॉन्फरन्सने (आपसात खेळणाऱ्या संघांचा गट) ऑक्टोबरअखेर खेळायला सुरुवात केली आणि ओहायो स्टेट जेमतेम आठ सामने खेळून अंतिम सामन्यातली हार घेऊन परतलं. तो हंगाम आत राहिला की सगळे गुणांक वाकडे होतात.

रमा_रेडझोन

सांगाडा ठीक आहे, पण पहिल्याच घटकात घाण आहे. मागच्या हंगामाचं रेटिंग वापरण्याआधी त्यातलं नशीब धुऊन काढा.

फंबल (हातातून सुटलेला चेंडू) जमिनीवर पडला की तो कोण उचलणार हे जवळपास नाणेफेकीसारखं असतं, दीर्घकाळात ५० टक्के. इंटरसेप्शनचंही (बचावाने पकडलेला पास) तसंच: बचावाने हात लावलेल्या पासांपैकी, म्हणजे तोडलेले अधिक पकडलेले, साधारण पाचातला एक किंवा किंचित जास्त हातात बसतो. एका टर्नओव्हरची (चेंडूचा ताबा समोरच्याकडे जाणं) किंमत चार ते पाच गुण धरा.

एक काल्पनिक संघ घेऊ. त्याच्या सामन्यांत दोन्ही बाजूंचे मिळून २० फंबल झाले, त्यातले १४ त्याने उचलले. अपेक्षा १० ची, म्हणजे ४ जास्तीचे. बचावाने ७० पासांना हात लावला आणि २१ पकडले. अपेक्षा सुमारे १५ ची, म्हणजे ६ जास्तीचे. एकूण १० टर्नओव्हर गुणिले साडेचार म्हणजे ४५ गुण, १२ सामन्यांत सामन्याला पावणेचार. हा संघ गुणफरकाने +१२ दिसत असेल तर त्याची खरी किंमत +८ च्या जवळ. यादीत मधल्या भागात चार गुणांत वीस-पंचवीस क्रमांक सहज इकडचे तिकडे होतात.

पंटर

म्हणजे जवळचे सामने हरलेला संघ पुढच्या वर्षी वर येणारच, असंच ना? मग नेब्रास्काचं काय झालं?

रमा_रेडझोन

छान उदाहरण काढलंत. नेब्रास्का २०२१: ३-९, आणि नऊच्या नऊ पराभव एक आकडी फरकाचे. एकूण केले ३३५ गुण, दिले २७२. केलेल्या आणि दिलेल्या गुणांवरून विजयांचं प्रमाण काढणारं पायथागोरसचं सूत्र (घातांक २.३७) लावलं तर ६२ टक्के, म्हणजे १२ सामन्यांत साडेसात विजय. २०२२ च्या उन्हाळ्यात हे गणित सगळीकडे फिरत होतं. प्रत्यक्षात ४-८, आणि तीन सामन्यांत प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्टची गच्छंती.

आता तो +६३ उघडून बघा. फोर्डहॅमवर ५२-७, बफेलोवर २८-३, नॉर्थवेस्टर्नवर ५६-७. या तीन विजयांतच +११९. उरलेल्या नऊ सामन्यांत −५६, म्हणजे सामन्याला सव्वासहा गुणांनी मागे. त्या नऊ प्रतिस्पर्ध्यांत ओहायो स्टेट आणि मिशिगन होते हे खरं, त्यामुळे संघ ३-९ पेक्षा बरा होताच. पण साडेसातचा कधीच नव्हता. त्यात क्वार्टरबॅक (पास फेकणारा, आक्रमणाचा सूत्रधार) एड्रियन मार्टिनेझ कॅन्सस स्टेटला गेला.

म्हणून दोन गोष्टी करा. एकतर्फी सामन्यांचा फरक कापा. चौथ्या क्वार्टरमध्ये तीन टचडाउनपेक्षा मोठी आघाडी असताना झालेले डाव गाळा. आणि गुणफरकापेक्षा सक्सेस रेट, म्हणजे किती टक्के डाव यशस्वी झाले ते, बघा. दहा यार्डांसाठी चार प्रयत्न (डाऊन) असतात; यश म्हणजे पहिल्या डाऊनला गरजेच्या ५० टक्के यार्ड, दुसऱ्याला ७० टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण. हा दर वर्षागणिक बराच टिकतो. मोठ्या डावांचं प्रमाण आणि टर्नओव्हर टिकत नाहीत. संघांचे आकडे प्रतिस्पर्ध्यानुसार दुरुस्त करायला रिज रिग्रेशन (टोकाचे गुणांक आवरणारी सांख्यिकी पद्धत) पुरतं, त्याहून फॅन्सी काही नको.

लाइनमन

परत येणाऱ्या उत्पादनाबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे आहे.

"११ पैकी ८ स्टार्टर (सुरुवातीच्या अकरातले) परत" ही मोजणी टाकून द्या. आक्रमणात क्वार्टरबॅकचे पासिंग यार्ड, पास झेलणाऱ्या रिसीव्हर आणि टाइट एंडचे रिसीव्हिंग यार्ड, लाइनचे (क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी) स्नॅप म्हणजे मैदानावर खेळलेले डाव, असं टक्केवारीत मोजतात. चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकचं वजन अगदी कमी, कारण तो सहज बदलता येतो. बचावात टॅकल आणि पास तोडणं. पास-बचाव करणारे गेले की घसरण जास्त होते, मधल्या फळीतले टॅकल करणारे गेले की त्या मानाने कमी.

पण हा आकडा "किती परत आलं" एवढंच सांगतो. शिळ्या पोळ्या जास्त उरल्या म्हणून जेवण चांगलं होत नाही. क्लेमसन २०२५ हे त्याचं ठळक उदाहरण: परत येणाऱ्या उत्पादनात देशात अगदी वरच्या संघांत, क्वार्टरबॅक केड क्लबनिकसुद्धा तोच, आणि सुरुवात १-३. २०२४ मध्ये त्यांच्या बचावाची धावेविरुद्ध अवस्था बरी नव्हती, आणि तेच खेळाडू वर्षाने मोठे होऊन परत आले होते. म्हणून टक्केवारीला त्या गटाच्या मागच्या दर्जाने गुणा. सरासरीपेक्षा वाईट गट पूर्ण परत येत असेल तर त्याला थोडीशी वाढ द्या, बक्षीस नको.

उलट्या बाजूने टेक्सस २०२५. पाच स्टार्टर लाइनमनपैकी चार गेले. नवा क्वार्टरबॅक आर्च मॅनिंग यावर सगळी चर्चा, लाइनवर कोणी बोलेना. पहिल्याच सामन्यात ओहायो स्टेटकडून ७-१४. ऑफेन्सिव्ह लाइनला मी वेगळा स्तंभ देतो: एकूण स्नॅप किती परत येतात आणि पाच जण एकमेकांशेजारी किती खेळलेत. पाच चांगले लाइनमन पाच वेगवेगळ्या कॉलेजांतून आणले की बचावाने फसव्या वाटांनी (स्टंट) किंवा जास्तीच्या माणसांनी (ब्लिट्झ) चढाई केली की कोणाला कोणी अडवायचं ही अदलाबदल सप्टेंबरभर फसते. कोलोराडो २०२३ आठवा. पन्नासहून जास्त खेळाडू बाहेरून, टीसीयूवर (टेक्सस ख्रिश्चन) ४५-४२ ने झकास सुरुवात, ३-०, आणि शेवट ४-८. क्वार्टरबॅक शेड्यूर सँडर्स अर्धा हंगाम पाठीवर पडलेला. तरी १-११ वरून ४-८ ही सुधारणाच होती, हे लोक विसरतात.

कोलंबसकर

@लाइनमन, पोर्टलमधून आलेल्यांचं उत्पादन कसं धरता? पूर्ण धरलं तर दरवर्षी पोर्टलवाले संघ फुगतात.

लाइनमन

स्तरानुसार कपात. बिग टेन, एसईसी, एसीसी, बिग ट्वेल्व्ह या चार मोठ्या कॉन्फरन्समधल्या एकातून दुसऱ्या संघात आला तर जवळपास पूर्ण, ९० टक्के. खालच्या एफबीएस कॉन्फरन्समधून आला तर ७० च्या आसपास. एफसीएसमधून (एफबीएसच्या खालचा स्तर) आला तर निम्मं. हे सुरुवातीचे आकडे आहेत, जागेनुसार बदला. रिसीव्हर आणि कॉर्नरबॅकचं उत्पादन वर जाताना बऱ्यापैकी टिकतं, लाइनमनचं कमी टिकतं, कारण समोरचा माणूस अचानक पंधरा-वीस किलोंनी जड होतो.

क्वार्टरबॅकसाठी कपात लावूच नका, त्याचं वेगळं बघा: दबावाखाली काय करतो, सॅक किती घेतो (पास टाकण्याआधीच किती वेळा पाडला जातो). सॅक घेण्याची सवय संघ बदलला तरी बरोबर येते. क्वार्टरबॅक डिएगो पाव्हिया न्यू मेक्सिको स्टेटमधून व्हँडरबिल्टला आला, सोबत त्याचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाचा प्रशिक्षक) टिम बेक आणि आधीचा मुख्य प्रशिक्षक जेरी किल हेही. २०२३ मध्ये २-१० असलेल्या संघाने ५ ऑक्टोबर २०२४ ला अलाबामाला ४०-३५ हरवलं. खेळाडू, प्लेबुक आणि ते शिकवणारा असं तिन्ही एकत्र आलं तर कपात फार लावू नका.

पंटर

मग इंडियाना २०२४ कोणाला दिसायला हवं होतं की नाही? ३-९ वरून ११-२. माध्यमांच्या अंदाजात बिग टेनमध्ये १८ पैकी १७ वा नंबर होता राव!

सांख्यिक

११-२ कोणालाच दिसलं नसतं. पण १७ वा नंबरही चुकीच्या पद्धतीमुळे आला, आणि पद्धत समजून घेण्यासारखी आहे.

सगळे अंदाज "इंडियाना" या नावाला मागच्या वर्षांची कामगिरी चिकटवून बसले होते. प्रत्यक्षात त्या रोस्टरचा मोठा भाग इंडियानाचा नव्हताच. नवा प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसनहून आला आणि १३ खेळाडू घेऊन आला: एडन फिशर, मिकेल कमारा, जेम्स कारपेंटर, डीअँजेलो पाँड्स, एलायजा सॅरट. क्वार्टरबॅक कर्टिस रूर्क ओहायो विद्यापीठातून, अनुभवी. जेम्स मॅडिसनचा २०२३ चा नियमित हंगाम ११-१ होता. तेव्हा इतिहासाचं रेटिंग संघाच्या नावावर न ठेवता खेळाडूंच्या स्नॅपवर वाटायचं. अपेक्षित स्नॅपपैकी ४० टक्के स्नॅप अ संघातून आलेले खेळाडू खेळणार असतील तर अ चं रेटिंग ४० टक्के वजनाने घ्या, स्तराची कपात करून. या मिश्रणाने इंडियाना बिग टेनच्या मधल्या फळीत यायचं. अव्वल चारात नाही, पण १७ वंही नाही.

या वर्षी ही पद्धत पेन स्टेटला लावून बघा. नवा प्रशिक्षक मॅट कॅम्पबेल आयोवा स्टेटहून आला आणि क्वार्टरबॅक रॉको बेक्टसह बराच मोठा गट त्याच्यामागे आला. "पेन स्टेटची गुणवत्ता आणि कॅम्पबेलचं कोचिंग" अशी बेरीज सगळीकडे होणार. पण जुनी गुणवत्ता बरीचशी निघून गेली आहे, त्यामुळे दोन्ही बाजू पूर्ण मोजल्या की एकच स्नॅप दोनदा मोजला जातो.

कोलंबसकर

गुणवत्तेच्या घटकाबद्दल एक. रिक्रूटिंगच्या वर्गांची बेरीज करू नका, आज रोस्टरवर कोण आहे त्याचीच करा. टेक्सस ए अँड एमचा २०२२ चा रिक्रूटिंग वर्ग तोवरच्या इतिहासातला सर्वाधिक गुणांचा. हंगामपूर्व क्रमांक ६, निकाल ५-७. नवखे पहिल्या वर्षी फारसे खेळत नाहीत, दोन-तीन वर्षांनी पिकतात. आणि त्या वर्गातले कितीतरी जण पिकायच्या आत दुसरीकडे गेले. जुन्या पद्धतीच्या तक्त्यात मात्र ते २०२४ पर्यंत ए अँड एमच्या खात्यावरच दिसत राहिले.

ब्लू-चिप रेशोचंही आता काय करायचं ते ठरवा. गेल्या चार वर्षांत घेतलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त चार-पाच स्टारचे असल्याशिवाय विजेतेपद नाही, हा नियम अनेक वर्षं टिकला आणि इंडियानाने एका हंगामात मोडला. त्यात पोर्टलचे खेळाडू धरतच नाहीत, तिथेच गोम आहे. इंडियानाचा क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा कॅलिफोर्निया विद्यापीठातून आला आणि हाइझमन (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) घेऊन गेला. रेशोच्या लेखी तो अस्तित्वातच नाही.

सांख्यिक

तरी तो घटक टाकून देऊ नका. विजेता ओळखायला तो कमी पडतो, पण संघ किती खाली घसरेल याचा तळ तो चांगला सांगतो. वरच्या गुणवत्तेचे संघ ५-७ होतात, २-१० क्वचितच. फ्लोरिडा स्टेट २०२४ हा अपवाद: २०२३ मध्ये १३-०, मग जखमी आणि गैरहजर खेळाडूंसह जॉर्जियाकडून ३-६३, पुढच्या वर्षी दहाव्या क्रमांकावरून सुरुवात, डब्लिनमध्ये जॉर्जिया टेककडून २१-२४ आणि शेवटी २-१०. तो संघ पोर्टलवर उभा होता; ती पिढी संपली आणि खाली तयार झालेलं कोणी नव्हतं. दुसऱ्या-तिसऱ्या फळीचा अनुभव म्हणजे स्वतःच्या कॉलेजात दोन वर्षं घालवलेले, १०० हून जास्त स्नॅप खेळलेले खेळाडू किती, हे मोजायला सोपं आहे आणि फार कमी लोक मोजतात.

रमा_रेडझोन

आणि कृपया एकच आकडा देऊन मोकळे होऊ नका. कॉलेजमध्ये अपेक्षित फरकाभोवती एका सामन्याचं प्रमाण विचलन (निकाल किती पसरतात त्याचं माप) सुमारे १६ गुण. त्यावरून ३ गुणांनी सरस संघ ५७ टक्के वेळा जिंकतो, ७ गुणांनी ६७, १४ गुणांनी ८१, २१ गुणांनी ९०.

समजा एखादा संघ बाराही सामन्यांत ७ गुणांनी सरस आहे. अपेक्षित विजय ८, आणि निव्वळ योगायोगाचं विचलन १.६. म्हणजे रेटिंग तंतोतंत बरोबर असलं तरी ६ आणि १० दोन्ही सहज शक्य. आता हंगामपूर्व रेटिंग स्वतःच ७ गुणांनी चुकू शकतं असं धरा, ही चूक मोठी नाही. खरा संघ ७ गुणांनी वर निघाला तर अपेक्षा ९.७, खाली निघाला तर ६. दोन्ही गोष्टी एकत्र केल्या की ४ ते ११ ही पूर्ण प्रामाणिक पट्टी आहे. टीसीयू ५-७, १३-२, ५-७ (२०२१, २२, २३): यातलं मधलं वर्ष तर या पट्टीच्याही वर गेलं.

पट्टीची रुंदीही प्रत्येक संघाला वेगळी द्या. तोच प्रशिक्षक, तोच क्वार्टरबॅक, लाइनचे चार जण परत: अरुंद. नवा प्रशिक्षक आणि ४० नवे खेळाडू: रुंद, आणि मध्य मात्र फार हलवू नका. ॲरिझोना स्टेट २०२४ मध्ये बिग ट्वेल्व्हच्या अंदाजात १६ पैकी शेवटचं होतं आणि त्यांनी ती कॉन्फरन्स जिंकली. अशा संघाला शेवटचा नंबर देता येईल, पण अरुंद पट्टीसह नाही.

पंटर

एसईसीत यंदा नऊ कॉन्फरन्स सामने आहेत, त्याचा रेटिंगवर काय परिणाम?

सांख्यिक

रेटिंगवर काही नाही, विजयांच्या संख्येवर होतो. १६ संघ, प्रत्येकी एक सामना जास्त, म्हणजे आठ पराभव कॉन्फरन्सच्या आतच राहणार; पूर्वी यातले बरेच सामने दुबळ्या पाहुण्यांविरुद्ध फुकटात मिळायचे. त्यामुळे ताकद तीच असून ९-३ चे संघ ८-४ दिसतील आणि पुढच्या जानेवारीत लोक म्हणतील की एसईसी घसरली.

कोलंबसकर

विदा गोळा करणाऱ्यांसाठी. कॉलेज फुटबॉल डेटा डॉट कॉमवर विदा उतरवायची मोफत की (API key) मिळते. परतणारं उत्पादन, रोस्टरची गुणवत्ता, पोर्टल, प्रत्येक डावाची नोंद, सगळं आहे. अडतं कुठे ते सांगतो. एक, मियामी दोन आहेत, फ्लोरिडातलं आणि ओहायोतलं, नावावरून जोडलं की एकाचे खेळाडू दुसऱ्याकडे जातात. दोन, पोर्टलमध्ये "नाव टाकलं" आणि "नवीन कॉलेज ठरलं" या वेगळ्या अवस्था आहेत. काही जण नाव काढून परत जुन्या संघात राहतात, त्यांना गेलेले धरू नका. तीन, एफसीएसचे स्नॅप बहुतेक मिळत नाहीत, तिथे सामने आणि स्टार्ट यांवर काम भागवा.

आणि सगळ्यात घातक: जुन्या हंगामांवर चाचणी घेताना गुणवत्तेचे तक्ते नंतर दुरुस्त झालेले असतात. ऑगस्ट २०२३ चा अंदाज तपासताना डिसेंबर २०२३ चं रोस्टर वापरलं गेलं, तर मॉडेल भलतंच हुशार दिसतं. दर वर्षी ऑगस्टमध्ये फाइल तारखेसह साठवून ठेवा.

लाइनमन

हंगाम सुरू झाल्यावर हंगामपूर्व रेटिंग किती आठवडे ठेवता?

रमा_रेडझोन

पहिल्या सामन्यानंतर साधारण ८५ ते ९० टक्के वजन जुन्यालाच. सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत निम्म्याहून कमी, पण शून्य कधीच नाही, कारण नोव्हेंबरमध्येही त्यात थोडी माहिती शिल्लक असते. ३० ऑगस्ट २०२५ ला फ्लोरिडा स्टेटने अलाबामाला ३१-१७ हरवलं आणि लगेच दोघांची जागा बदलणारे पोल आले. फ्लोरिडा स्टेट ५-७ वर संपलं, अलाबामा प्लेऑफमध्ये गेलं.

अंदाज तपासताना सामन्याच्या फरकातली सरासरी चूक बघा. सट्टेबाजाराचा सामन्याआधीचा अंतिम आकडासुद्धा सुमारे १२ गुणांनी चुकतो. तुमचं पहिल्या तीन आठवड्यांत १४ च्या आत आलं तर चांगलं. ११ आलं तर आधी @कोलंबसकर यांचा शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचा.

पंटर

आणि सगळ्यांची रेटिंगं गोळा करून सरासरी काढली तर?

सांख्यिक

तर बहुधा आपल्या सगळ्यांपेक्षा चांगली येईल. एसपी प्लस, एफपीआय, एफईआय या प्रसिद्ध संगणकी रेटिंगांच्या चुका पूर्ण एकसारख्या नसतात, म्हणून सरासरीत थोड्या कटतात. मात्र तिघेही परतणारं उत्पादन आणि रिक्रूटिंगवरच उभे आहेत, त्यामुळे क्लेमसनसारख्या ठिकाणी तिघे एकत्रच चुकतात. मी १५ ऑगस्टला आकडे गोठवणार. तोवर कॅम्पमधली दुखापत क्वार्टरबॅकला किंवा डाव्या टॅकलला असेल तरच बदल, बाकी बातम्यांना हात लावायचा नाही. ज्यांना यादी टाकायची त्यांनी रेटिंग आणि पट्टी दोन्ही टाका, १३८ संघ नको, वरचे ४० पुरे.